दूरस्थ टीममध्ये ठरलेले काम पुन्हा पुन्हा अडते तेव्हा: मौनाला संमती मानण्याची चूक आणि तिची दुरुस्ती

लक्षणे

बैठकीत एखादी गोष्ट ठरते, कोणी हरकत घेत नाही, नंतर चॅटवर तिचा सारांश जातो आणि त्यावर चार-पाच अंगठे उमटतात. दोन आठवड्यांनी लक्षात येते की ते काम सुरूच झालेले नाही, किंवा झाले आहे ते ठरल्यापेक्षा वेगळेच. मग पुन्हा बैठक होते, पुन्हा तेच ठरते, या वेळी थोडी ताकीदही दिली जाते, काही दिवस सुरळीत जातात आणि महिन्याभरात दुसऱ्याच एखाद्या कामाबाबत हाच प्रकार घडतो. वेगवेगळ्या ठिकाणांहून काम करणाऱ्या टीमचे नेतृत्व ज्यांनी केले आहे, त्यांतील बहुतेकांना हे चक्र परिचयाचे असेल. मी स्वतः त्यातून गेलो आहे आणि बराच काळ चुकीच्या जागी दुरुस्ती करत राहिलो आहे. तो वेळ इतरांचा वाचावा, या हेतूने हे टिपण लिहीत आहे.

हीच समस्या आहे हे ओळखण्याच्या आणखी काही खुणा आहेत. एकच प्रश्न वेगवेगळे सदस्य टीमप्रमुखाला खासगी संदेशातून विचारतात. "मला वाटले ते तुम्ही करणार होतात" हे वाक्य वारंवार ऐकू येते. एखाद्या निर्णयावरचा खरा आक्षेप अंमलबजावणी अर्धी झाल्यावर पुढे येतो, आणि आक्षेप घेणारी व्यक्ती निर्णयाच्या वेळी कॉलवर हजर होती असे आढळते. यांतील दोन खुणा जरी दिसत असल्या तरी पुढचे वाचणे उपयोगी ठरेल.

जे उपाय बहुधा करून झालेले असतात

पहिला उपाय म्हणजे बैठका वाढवणे. रोजचा पंधरा मिनिटांचा कॉल, त्यावर साप्ताहिक आढावा, त्यावर गटप्रमुखांचा वेगळा कॉल. यामुळे बोलण्याच्या संधी वाढतात, परंतु ज्या बोलण्यातून नेमके काय ठरले हे आधीच कळत नव्हते, तेच बोलणे अधिक वेळा होऊ लागते. शिवाय व्हिडिओ कॉल फुकट पडत नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलमुळे येणाऱ्या थकव्याची चार कारणे मांडली: पडद्यावरचे जवळून रोखलेले चेहरे, देहबोली समजून घेण्यासाठी आणि समजावण्यासाठी लागणारे जादा कष्ट, स्वतःचा चेहरा सतत समोर असणे आणि कॅमेऱ्यासमोर एका जागी खिळून राहणे. अशा थकलेल्या माणसांकडून बैठकीच्या शेवटी "सर्वांना मान्य आहे ना?" या प्रश्नावर काळजीपूर्वक उत्तर मिळेल, ही अपेक्षा रास्त नाही.

दुसरा उपाय नवीन साधन आणण्याचा. चॅटचे एक ॲप जाऊन दुसरे येते, कामांचा फलक बदलतो, आणि सवयी त्याच राहतात. तिसरा उपाय नजर ठेवण्याचा आहे: कोण किती वेळ ऑनलाइन होते, कोणाच्या नावापुढे हिरवा ठिपका होता, याच्या नोंदी ठेवणारी प्रणाली बसवली जाते. या तिसऱ्या उपायाला माझा स्पष्ट विरोध आहे. काम अडण्याचे कारण माणसे बसून राहतात हे नसते. ती काम करत असतात, फक्त प्रत्येकाच्या मनातले काम वेगळे असते. नजर ठेवल्याने हा फरक मिटत नाही, उलट शंका विचारणे म्हणजे आपले अज्ञान नोंदवून देणे असे सदस्यांना वाटू लागते आणि मौन आणखी गडद होते.

निदान

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दोन चाचण्या घ्याव्यात. दोन्ही मिळून दोन तासांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.

पहिल्या चाचणीत गेल्या दोन महिन्यांत फसलेले चार-पाच निर्णय निवडावेत आणि प्रत्येकाबाबत चार गोष्टी शोधाव्यात: निर्णय नेमका कोणत्या वाक्यात व कुठे लिहिला आहे; त्याची जबाबदारी कोणत्या एका व्यक्तीच्या नावावर होती; मुदत तारखेसह दिली होती का; आणि त्या व्यक्तीने ते काम स्वतःच्या शब्दांत मान्य केल्याचे कुठे दिसते का. स्मरणावर विसंबू नये. टीममधील एखाद्या नवीन सदस्याला जेवढे दिसते तेवढ्यावरच शोध घ्यावा. पाच मिनिटांत जी नोंद सापडत नाही, ती टीमच्या दृष्टीने नसल्यात जमा आहे. माझ्या अनुभवात पहिल्या तीन गोष्टींची काहीतरी अर्धीमुर्धी नोंद मिळत असे. चौथी जागा मात्र जवळजवळ नेहमी रिकामी असे.

दुसरी चाचणी गेल्या आठवड्यातील एखाद्या महत्त्वाच्या निर्णयावर घ्यावी. तीन सदस्यांना स्वतंत्रपणे दोन ओळी लिहायला सांगाव्यात: काय ठरले आणि पुढचे पाऊल कोण उचलणार आहे. मी ही चाचणी प्रथम घेतली तेव्हा एकाच्या मते जुनी प्रणाली महिनाअखेर बंद होणार होती, दुसऱ्याच्या मते ती काही काळ नव्या प्रणालीसोबत चालू राहणार होती, आणि तिसऱ्याच्या समजुतीप्रमाणे याबाबत अजून काही ठरलेच नव्हते. तिघेही त्या बैठकीत शेवटपर्यंत होते, तिघेही मन लावून काम करणारे होते आणि तिघांनीही माझ्या सारांशावर अंगठा दिला होता. दोष त्यांच्यात शोधण्याची माझी सवय त्या दिवशी मोडली.

तिन्ही उत्तरे जुळली आणि तरीही काम अडत असेल, तर दुखणे दुसरीकडे आहे. कामाचा भार क्षमतेपेक्षा जास्त असेल, दोन वरिष्ठ परस्परविरोधी प्राधान्यक्रम देत असतील किंवा आवश्यक कौशल्य टीममध्ये नसेल, तर संवादाची कितीही सुधारणा केली तरी उपयोग होणार नाही. ती शक्यता आधी निकाली काढावी.

मूळ कारण

"मौनं संमतिलक्षणम्" हे वचन आपण इतक्या सहजपणे वापरतो की ते समोरासमोरच्या परिस्थितीत तयार झाले आहे याचा विसर पडतो. एकाच खोलीत बसलेल्या माणसाचे मौन कधीच एकटे येत नाही. त्यासोबत मान हलते, कपाळावर आठी पडते, शेजाऱ्याकडे एक नजर जाते, बाहेर पडताना दारात थांबून कोणी हळूच "हे जमेल का हो?" असे विचारते. दूरस्थ टीममध्ये हे सगळे गळून पडते आणि उरते ते निव्वळ मौन. टीमप्रमुख त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावतो, आणि ती सोय बहुतेक वेळा "मान्य आहे" हीच असते.

याचा नेमका अभ्यास कॅथरीन क्रॅम्टन यांनी केला आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यांनी भौगोलिकदृष्ट्या विखुरलेल्या १३ टीमचा संवाद तपासला आणि परस्परांना समान माहिती नसण्याचे पाच प्रकार नोंदवले. एकमेकांची परिस्थिती न सांगितली जाणे वा लक्षात न राहणे, माहिती काहींपर्यंतच पोहोचणे, संदेशातील कोणता भाग महत्त्वाचा आहे हे न कळणे, प्रत्येकाकडे माहिती पोहोचण्याच्या वेगातील फरक, आणि मौनाचा अर्थ लावण्यातील अडचण असे ते पाच प्रकार आहेत. त्यांतील पाचव्यावर मी सर्वाधिक भर देतो, कारण बाकीचे चार झाकले जातात ते त्याच्यामुळेच. उत्तर न देणारी व्यक्ती सहमत असू शकते, तीव्र असहमत असू शकते, रजेवर असू शकते, तिचे इंटरनेट बंद असू शकते, तिला प्रश्न दिसलाच नसेल, दिसला पण उत्तर अपेक्षित आहे हे कळले नसेल, किंवा विषय नाजूक असल्याने काय लिहावे हे सुचत नसेल. बाहेरून ही सातही मौने अगदी सारखी दिसतात.

संदेश पाठवणाऱ्याला मात्र हे जाणवत नाही, आणि त्यामागे अहंकार असतो असे नाही. १९९० मध्ये स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. काही जणांनी सुप्रसिद्ध गाण्यांचा ठेका बोटांनी टेबलावर वाजवायचा आणि ऐकणाऱ्यांनी गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल घुमत असते, ऐकणाऱ्यापर्यंत फक्त टकटक पोहोचते. टीमप्रमुखाच्या डोक्यात त्या निर्णयामागची पार्श्वभूमी, ग्राहकाशी झालेले बोलणे, वरिष्ठांची चिंता हे सारे असते; चॅटवर पोहोचतात त्या दोन ओळी. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ईमेलबाबत असाच निष्कर्ष मांडला. आपल्या वाक्यातील सूर, म्हणजे ते गांभीर्याने लिहिले आहे की उपरोधाने, वाचणाऱ्याला सुमारे ७८ टक्के वेळा कळेल असे लिहिणाऱ्यांना वाटत होते. प्रत्यक्षात तो सुमारे ५६ टक्के वेळा कळला, जे नाणे उडवून मिळणाऱ्या उत्तरापेक्षा फारसे वरचे नाही.

मग प्रत्यक्ष बोलणे, म्हणजे व्हिडिओ कॉल, यावर उत्तर ठरेल का? काही प्रमाणात ठरते, परंतु तिथे वेगळीच अडचण आहे. दहा भाषांमधील संभाषणांचा जो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यानुसार एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यातील अंतर सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद असते. दुसरीकडे, आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पोहोचण्यातील विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असे मानले जाते. म्हणजे उत्तम जोडणीवरही आवाज जाण्या-येण्यात जाणारा वेळ संभाषणातील त्या नैसर्गिक विरामाएवढा किंवा त्याहून मोठा होऊ शकतो. परिणामी जो थांबून, अंदाज घेऊन बोलू पाहतो त्याची वेळ येतच नाही. तो म्यूट काढेपर्यंत पुढचा मुद्दा सुरू झालेला असतो. बैठकीत तेच दोन-तीन जण बोलतात यामागे स्वभावाइतकाच हा विलंब असतो. गप्प राहिलेल्याला आपण "त्याला काही म्हणायचे नव्हते" असे समजतो आणि तिथेच चूक घडते.

दुरुस्ती

पहिली आणि सर्वांत परिणामकारक दुरुस्ती म्हणजे निर्णय मागणाऱ्या संदेशातच मौनाचा अर्थ लिहून टाकणे. एरवी आपण असे लिहितो: "नवीन आराखडा जोडला आहे. सर्वांनी पाहावा व काही अडचण असल्यास कळवावे." या वाक्यात कोणी उत्तर द्यायचे, कधीपर्यंत द्यायचे आणि उत्तर आले नाही तर काय होणार, यांपैकी काहीच नाही. तोच संदेश असा लिहिता येतो: "निर्णय हवा आहे. जुन्या प्रणालीतील नोंदी नव्या प्रणालीत एकाच टप्प्यात हलवाव्यात की दोन टप्प्यांत? माझे मत दोन टप्प्यांचे आहे, कारण पहिल्या टप्प्यात चूक आढळल्यास मागे फिरता येईल. चाचणीप्रमुख आणि प्रणालीप्रमुख यांचे लेखी उत्तर गुरुवार, १२ जून, १४:०० यूटीसीपर्यंत (जागतिक प्रमाणवेळ) आवश्यक आहे. दोघांचीही उत्तरे आल्याशिवाय काम सुरू होणार नाही. इतरांनी हरकत असल्यासच लिहावे; न लिहिल्यास हरकत नाही असे धरले जाईल." संदेश लांब झाला आहे हे खरे, परंतु त्यामुळे पुढचे दहा संदेश वाचतात.

वरील उदाहरणात मौनाचे दोन वेगळे अर्थ ठरवले आहेत आणि तो भेद महत्त्वाचा आहे. जो निर्णय सहज मागे घेता येतो, त्यात ठरावीक मुदतीनंतरचे मौन म्हणजे संमती असा नियम करायला हरकत नाही. जो मागे घेता येत नाही, उदाहरणार्थ माहिती कायमची पुसणे, ग्राहकाला लेखी शब्द देणे, एखाद्याची जबाबदारी काढून घेणे, त्यात मौनाचा अर्थ नकार असाच धरावा आणि काम थांबवावे. पहिला नियम अव्यवहार्य वाटत असेल तर अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे पाहावे. १९९९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था जगभर विखुरलेल्या स्वयंसेवकांच्या बळावर चालते आणि तिथे अनेक निर्णय "लेझी कन्सेन्सस" या पद्धतीने होतात: प्रस्ताव सर्वांसमोर लेखी मांडायचा, साधारणपणे किमान ७२ तास थांबायचे, हरकत न आल्यास पुढे जायचे. ही मुदत ७२ तासांची असण्यात शहाणपण आहे. पृथ्वीच्या कोणत्याही भागातील सदस्याला, आठवड्याची सुट्टी मध्ये आली तरी, एकदा तरी संदेश पाहण्याची संधी मिळते. शिवाय तिथे हरकत घेण्याची रीतही ठरलेली आहे. उणे एक असे मत देणाऱ्याने कारण द्यायचे असते आणि सॉफ्टवेअरच्या बदलाबाबत असे सकारण मत तो बदल रोखू शकते. मौनाला संमती मानणे तिथे चालते, कारण तो नियम सर्वांना आधीच माहीत असतो. आपल्या टीममध्ये तो कोणी सांगितलेलाच नसतो, आणि तरीही आपण तो लागू करतो.

दुसरी दुरुस्ती म्हणजे ज्याच्याकडे काम जाते त्याने ते आपल्या शब्दांत परत सांगणे. विमानवाहतुकीत याला रीडबॅक म्हणतात आणि त्यामागे फार मोठी किंमत मोजलेली आहे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरील लॉस रोडिओस विमानतळाच्या धुक्याने वेढलेल्या धावपट्टीवर दोन बोइंग ७४७ विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. त्यामागे अनेक कारणे एकत्र आली होती, पण त्यांतील एक शब्दांचे होते. एका विमानातून "आम्ही आता टेकऑफला आहोत" अशा अर्थाचे संदिग्ध वाक्य गेले. नियंत्रकाने "ओके" म्हटले आणि क्षणभर थांबून, उड्डाणासाठी तयार राहा, मी कळवीन, असे सांगितले. त्याच वेळी दुसऱ्या विमानाने आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे कळवले, दोन्ही प्रक्षेपणे एकमेकांवर आली आणि उड्डाण सुरू केलेल्या पहिल्या विमानाच्या वैमानिक कक्षात त्यांच्या जागी कर्कश आवाज ऐकू आला. स्पष्ट पोहोचला तो शब्द "ओके" एवढाच. त्यानंतर जगभर शब्दयोजना काटेकोर करण्यात आली: "टेकऑफ" हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, आणि परवानगीला नुसते "ओके" न म्हणता तिचा मुख्य भाग पुन्हा म्हणून दाखवायचा. आपल्या कामात माणसांचे जीव टांगणीला लागलेले नसतात, परंतु "ओके" या शब्दाचा दुबळेपणा तोच आहे. "ठीक आहे", "नोंद घेतली" आणि अंगठा यांतून वाचले, पटले आणि करीन या तीन गोष्टींपैकी कोणती अभिप्रेत आहे हे कळत नाही.

म्हणून काम स्वीकारणाऱ्याने एक पूर्ण वाक्य लिहावे, एवढीच अट घालावी: "मी पहिल्या टप्प्यातील नोंदी सोमवारपर्यंत हलवीन, जुनी प्रणाली तोपर्यंत चालू राहील." या वाक्यात गैरसमज असेल तर तो तत्काळ दिसतो. टीमप्रमुखाने स्वतःही हे पाळावे. वरून आलेली सूचना त्याने आपल्या शब्दांत परत लिहिली की इतरांना ते कमीपणाचे वाटत नाही. अंगठा बंद करण्याची गरज नाही. त्याचा अर्थ फक्त "वाचले" एवढाच आहे हे टीममध्ये जाहीर करावे आणि संमती किंवा स्वीकृती यांसाठी तो ग्राह्य धरू नये.

बैठकीबाबत एकच बदल सुचवतो. मतांची चर्चा सुरू करण्यापूर्वी तीन मिनिटे सर्वांनी सामायिक दस्तऐवजात आपले मत लिहावे आणि मग बोलणे सुरू करावे. आवाजातील विलंबाचा फटका बसणारे, दुसऱ्या भाषेत बोलताना अडखळणारे आणि थांबून विचार करणारे असे सगळे यामुळे एकाच वेळी पुढे येतात. पहिल्या काही बैठकांत ती तीन मिनिटांची शांतता अवघड वाटते. टीमप्रमुखाने ती भरून काढण्यासाठी बोलू लागणे कटाक्षाने टाळावे. स्वतःचे मत त्याने सर्वांत शेवटी लिहावे.

निर्णयांची नोंद एका ठिकाणी ठेवणे हे सर्वांना माहीत असते आणि फारच थोडे ते टिकवतात. माझ्या मते त्याचे कारण नोंद फार मोठी ठेवली जाते हे आहे. इतिवृत्त आणि निर्णयांची नोंद या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नोंदीत प्रत्येक निर्णयाला एक ओळ पुरे: तारीख, काय ठरले, का ठरले, कोण करणार, कधीपर्यंत. यातील "का" हा रकाना वगळण्याचा मोह होतो, पण पुढे परिस्थिती बदलली की निर्णय अजून लागू आहे का, हे त्या एका रकान्यावरून कळते. जुना निर्णय बदलला तर ती ओळ पुसू नये. खाली नवीन ओळ लिहून जुनीकडे निर्देश करावा.

खासगी संदेशांचा मुद्दा टीमप्रमुखांनी विशेष गांभीर्याने घ्यावा, कारण इथे चूक बहुधा त्यांच्याकडूनच होते. चौदा जणांच्या टीममध्ये दोघा-दोघांच्या ९१ जोड्या होतात, आणि यांतील प्रत्येक जोडी हा माहिती अडकून राहण्याचा एक कप्पा आहे. मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतील ६१,१८२ कर्मचाऱ्यांच्या संवादाचा जो अभ्यास २०२१ मध्ये नेचर ह्यूमन बिहेव्हियर या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला, त्यात असे दिसले की सर्वांचे काम दूरस्थ झाल्यावर संपर्काची जाळी अधिक साचेबंद आणि गटांपुरती बंदिस्त झाली, आणि वेगवेगळ्या गटांना जोडणारे दुवे घटले. म्हणजे काही न करता सोडले तर माहिती कप्प्यांतच जाते. तेव्हा खासगी संदेशात कामाचा प्रश्न आला की उत्तर तिथे देण्याऐवजी, विचारणाऱ्याची परवानगी घेऊन, सामायिक चॅनेलवर प्रश्नासह द्यावे. व्यक्तिगत अडचणी, आरोग्य, पगार, टीका हे विषय अर्थातच खासगीच राहावेत.

वेळेबाबत थोडक्यात सांगतो. "उद्या सकाळी" आणि "दिवसाअखेर" हे शब्द निर्णयाच्या संदेशातून काढून टाकावेत. ०३/०४ ही तारीख कोणी ३ एप्रिल वाचेल तर कोणी ४ मार्च, म्हणून महिना अक्षरांत लिहावा. टीममध्ये अमेरिका आणि युरोप या दोन्हीकडील सदस्य असतील तर मार्च महिन्यात बैठकांचा गोंधळ दरवर्षी होतो, कारण अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि युरोपात शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत नेहमीचे अंतर एका तासाने बदलते. शरद ऋतूत हेच आठवडाभर घडते. त्या आठवड्यांची आगाऊ सूचना कॅलेंडरवर लावून ठेवावी.

एवढे करूनही समस्या परत आली तर

हे बदल लागू केल्यावर सहा आठवड्यांनी निदानातील दुसरी चाचणी पुन्हा घ्यावी. उत्तरे जुळत असतील तर पद्धत रुजली आहे. जुळत नसतील, किंवा लेखी स्वीकृती येते पण खरे आक्षेप अजूनही उशिराच बाहेर पडतात असे दिसले, तर समस्या संदेशांच्या रचनेपलीकडे गेली आहे आणि बहुधा ती भीतीची आहे. एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये एका कंपनीतील ५१ टीमचा अभ्यास करून दाखवले की जिथे चूक कबूल करणे, मदत मागणे आणि प्रश्न विचारणे सुरक्षित वाटते, तिथेच टीम शिकते आणि त्या शिकण्यातून तिची कामगिरी सुधारते. दूरस्थ टीममध्ये ही सुरक्षितता मोजण्याचा एक साधा मार्ग आहे: शेवटची वाईट बातमी सामायिक चॅनेलवर कोणी, कधी लिहिली आणि तिला पहिले उत्तर कोणाचे व कोणत्या शब्दांत आले, हे शोधून वाचावे. ते उत्तर टीमप्रमुखाचे असेल आणि त्यात "हे आधी का सांगितले नाही?" असा प्रश्न असेल, तर पुढच्या मौनाचे कारण सापडले आहे. लेखी शब्दांना सूर नसतो, आणि ज्याने वाईट बातमी लिहिली आहे तो त्या प्रश्नाला सर्वांत कठोर सूर लावून वाचतो. शिवाय ते उत्तर चॅनेलवर कायम राहते. बाकीचे सदस्यही ते वाचतात आणि आपण काय लिहायचे नाही हे ठरवतात. "कळवल्याबद्दल आभार. आत्ता कोणती मदत हवी आहे?" असे पहिले उत्तर द्यावे आणि कारणांची चौकशी प्रश्न सुटल्यावर, शक्यतो बोलून, करावी. याआधी कठोर उत्तर दिले गेले असेल तर त्याच चॅनेलवर, त्याच धाग्यात, ते चुकीचे होते असे लिहावे. मी एकदा असे लिहिले तेव्हा तीन महिने गप्प असलेल्या एका सहकाऱ्याचा सविस्तर आक्षेप दुसऱ्याच दिवशी आला, आणि तो आक्षेप बरोबर होता.

संपूर्ण टीम बोलते आहे आणि एकच व्यक्ती गप्प आहे, असेही होते. अशा वेळी तिला चॅनेलवर नाव घेऊन विचारू नये. ते तिला सर्वांसमोर उभे करण्यासारखे आहे. फोन करावा, व्हिडिओ नको, आणि कामाचा विषय काढण्यापूर्वी तिचा दिवस सध्या कसा जातो हे विचारावे. घरात आजारपण असेल, वेळेच्या फरकामुळे ती रोज रात्री उशिरा बैठकांना बसत असेल, किंवा आपल्या दोन सूचना कोणीच दखल न घेता वाहून गेल्याचे तिला लागले असेल. उत्तर मिळायला एकापेक्षा अधिक फोन लागू शकतात. तोपर्यंत त्या व्यक्तीच्या बाबतीत मौनाला संमती मानण्याचा नियम तात्पुरता स्थगित ठेवावा आणि तिच्याकडे जाणाऱ्या प्रत्येक निर्णयावर तिचे स्वतःचे वाक्य येईपर्यंत थांबावे.